चढावर धरणारी छाती आणि आप्पांची चंची

साताऱ्यात राहायचं म्हणजे चढ आला. गावच अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलेलं. खालच्या रस्त्यावरून वरच्या रस्त्याला यायचं तरी दम लागतो, आणि राजवाड्याकडून समर्थ मंदिराकडे निघालं की पोटऱ्या बोलायला लागतात. आमचे आप्पा हा चढ चाळीस वर्षं भाजीच्या पिशव्या घेऊन चढले. मग एका थंडीत, दुपारी जेवून निघाले असताना, विजेच्या एका खांबापाशी थांबले. छातीवर जात्याची पाळ ठेवल्यासारखं झालं. दोन-तीन मिनिटं उभे राहिले, गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच खांब.

"पित्त असंल," म्हणाले, आणि ओवा चावला. दोन महिने ओवाच चालला.

पित्त आणि खांब यांचा काही संबंध नसतो, हे आम्हाला तेव्हा सुचलं नाही. विल्यम हेबर्डन या इंग्रज डॉक्टरांनी १७७२ साली या दुखण्याचं जे वर्णन छापलं, त्यात नेमकं हेच आहे: चालताना, विशेषतः चढ चढताना, जेवणानंतर छाती आवळते आणि उभं राहिलं की थांबते. त्यालाच आपण अंजायना म्हणतो. मात्र सगळ्यांना असं ठळक कळत नाही. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये कधी नुसता दम लागतो, जबडा किंवा डावा हात भरून येतो, विनाकारण थकवा येतो. श्रमाबरोबर येतंय आणि विश्रांतीबरोबर जातंय, एवढी खूण मात्र धरून ठेवावी.

असं का होतं? शरीराचे बाकीचे स्नायू शांत असताना रक्तातला थोडाच प्राणवायू काढून घेतात, उरलेला राखीव राहतो. हृदयाचा स्नायू मात्र बसल्या जागीही रक्तातला सुमारे ७० टक्के प्राणवायू शोषून घेतो. त्याच्याकडे शिल्लक अशी नाहीच. काम वाढलं तर जास्त रक्त येणं हाच एक मार्ग, आणि धमनी आतून चरबीच्या थराने अरुंद झाली असेल तर तेच होत नाही. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, जेवल्यावर रक्त पोटाकडे वळतं, वर चढ. आप्पांच्या खांबापाशी हे तिन्ही एकत्र येत होते.

डॉक्टरांनी जिभेखालची गोळी दिली. पहिल्या दिवशी आप्पांनी ती घेतली, छाती मोकळी झाली आणि डोकं धरून बसले. "लई ठणकतंय रं. ही गोळी नको मला." पट्टी देवघराच्या कोनाड्यात गेली.

या डोकेदुखीला मोठा इतिहास आहे. नायट्रोग्लिसरिन १८४७ साली इटलीत आस्कानिओ सोब्रेरो यांनी तयार केलं आणि त्याचा कण जिभेवर ठेवताच डोकं ठणकतं, हे त्यांनी तेव्हाच नोंदवलं. आल्फ्रेड नोबेल यांनी त्याचंच डायनामाइट केलं. १८७९ साली विल्यम मरेल यांनी तेच रसायन अंजायनावर वापरून दाखवलं, आणि पुढे खुद्द नोबेल यांनाही डॉक्टरांनी तेच औषध सुचवलं. आपल्याकडची जिभेखालची गोळी बहुधा याच घराण्यातलं आयसोसॉर्बाइड असते. शरीरात गेल्यावर या औषधातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो आणि रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल पडतात. हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, त्याचं ओझं उतरतं. पण सैल पडणं फक्त छातीपुरतं थांबत नाही, डोक्यातल्या वाहिन्याही रुंदावतात आणि ठणका लागतो. म्हणजे आप्पांचं डोकं दुखत होतं ते गोळी लागू पडत होती म्हणूनच. हे त्यांना असं समजावल्यावर पट्टी कोनाड्यातून खाली आली. रोज घ्यायच्या नायट्रेटची, म्हणजे याच घराण्यातल्या औषधाची, डोकेदुखी बऱ्याच जणांत काही दिवसांत ओसरते.

स्फोटकांच्या कारखान्यातल्या कामगारांना दर सोमवारी ही डोकेदुखी व्हायची. आठवडाभर शरीर सरावायचं, रविवारी सराव मोडायचा. म्हणूनच रोजचं नायट्रेट डॉक्टर सकाळी आणि दुपारी देतात, रात्र मोकळी सोडतात. सतत दिलं तर औषध बोथट होतं. "रात्रीचीही घेऊन टाकतो" असा शहाणपणा इथे नको.

जिभेखालची गोळी बसूनच घ्यावी, उभ्याने घेतली तर रक्तदाब उतरून चक्कर येते. आणि एक गोष्ट संकोच न करता डॉक्टरांना सांगावी: लैंगिक ताकदीसाठी सिल्डेनाफिलची गोळी कुणी घेत असेल तर तिच्याबरोबर नायट्रेट चालत नाही. दोन्हींचा परिणाम एकाच वाटेने होतो, रक्तदाब इतका कोसळतो की जीव जाऊ शकतो.

आमच्या घरात खरी चूक झाली ती दुसऱ्याच गोळीपायी. बीटा ब्लॉकर. अॅड्रेनालिनचा, म्हणजे हृदयाला पळवणाऱ्या संप्रेरकाचा, हात हृदयापासून दूर ठेवणारं औषध. ठोके सावकाश पडतात. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात, त्यामुळे विसावा लांबला की पोषणही वाढतं. जेम्स ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल मिळालं ते या औषधाच्या कामासाठीही. पण त्याने आप्पांचे हात-पाय गार पडायचे, दुपारी अंगात त्राण नसायचं. कुणाला न सांगता त्यांनी ती गोळी बंद केली. पाचव्या दिवशी घरातल्या घरात, पाणी भरताना, छाती धरली.

झालं असं की औषधाने वाट अडवली होती तोवर पेशींनी अॅड्रेनालिन पकडणारी जास्तीची केंद्रं तयार करून ठेवली होती. बांध एकदम फुटला आणि सगळा मारा त्यांच्यावर आला. ही गोळी हळूहळू कमी करायची असते, तीही डॉक्टरांनी. त्यांना खरं सांगितलं तेव्हा त्यांनी डोस उतरवला, आणि त्राण बरंचसं परत आलं. एवढंच करायचं होतं. सांगायचं होतं.

मग आली घोट्याची सूज. संध्याकाळी मोज्याच्या रबराची खूण खोल उमटायची, अंगठ्याने दाबलं की खळगा पडायचा. शेजाऱ्यांनी किडनीचं भय घातलं. कारण निघालं अॅम्लोडिपिन, धमन्या रुंदावणारी गोळी. पाटाचं दार पूर्ण उघडलं आणि पुढची चारी अरुंदच राहिली तर पाणी बांधातून पाझरतं, तसं: लहान धमन्या रुंदावतात, शिरा तेवढ्या रुंदावत नाहीत, मधल्या केशवाहिन्यांतून पाणी झिरपून घोट्यात उतरतं. म्हणून लघवीच्या गोळीने ही सूज फारशी हलत नाही, डोस बदलावा लागतो किंवा जोडीला दुसरं औषध द्यावं लागतं. मात्र सुजेबरोबर दम लागत असेल तर तपासणी टाळू नये, ती सूज वेगळी असू शकते.

रामिप्रिल या रक्तदाबाच्या गोळीचा कोरडा खोकला पर्यायी औषधाने जातो. अॅस्पिरिनवर असताना शौचास डांबरासारखी काळी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

स्टॅटिनबद्दल, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीबद्दल, थोडं जास्त सांगायला हवं, कारण ती गोळी सगळ्यात जास्त बदनाम आहे. इंपिरियल कॉलेजच्या संशोधकांनी २०२० साली एक प्रयोग छापला. त्रास झाला म्हणून स्टॅटिन सोडलेले ६० जण घेतले. काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी नकली, काही महिने काहीच नाही. रोज त्रासाची नोंद. गोळी नसलेल्या महिन्यांपेक्षा खऱ्या गोळीवर जेवढा त्रास वाढला, त्याच्या ९० टक्के नकली गोळीवरही वाढला होता. त्रास खोटा नव्हता, अंग खरंच दुखत होतं, पण बहुतेक वेळा दुखवत होती ती धास्ती. तरीही स्नायू खूप दुखले, अशक्त झाले किंवा लघवी चहाच्या रंगाची झाली तर लगेच कळवावं, क्वचित का होईना, ते स्टॅटिनमुळे होऊ शकतं.

आणि ज्या दिवशी बसून, गोळी घेऊन पाच मिनिटांत छाती उतरली नाही, घाम फुटला, किंवा स्वस्थ बसलेलं असताना दुखणं आलं, त्या दिवशी ओवा नाही, सोडा नाही. १०८.

आप्पांनी तंबाखू सोडली, पण चंची सोडली नाही. तिच्या एका कप्प्यात आता गोळ्यांची पट्टी असते आणि दुसऱ्यात घडी घातलेला वहीचा कागद. कुठली गोळी, किती वाजता, काय झालं. तपासणीला जाताना तोच कागद डॉक्टरांपुढे उलगडतात. थंडीत चढ चढायचा असला की डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आधीच एक गोळी जिभेखाली ठेवून पारावर बसतात, जेवल्यावर तासभर बाहेर पडत नाहीत. मागच्या मंगळवारची नोंद त्यांच्या तिरप्या अक्षरात अशी आहे: "खांबापातुर न थांबता. डोकं थोडं. पाय बरं."