साउथडेल सेंटर

साउथडेल सेंटर : अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, मिनीॲपोलिस शहराला लागून असलेल्या ईडायना या उपनगरातील प्रादेशिक मॉल (आसपासच्या मोठ्या परिसरातील गिऱ्हाइकांसाठीचा मॉल). ८ ऑक्टोबर १९५६ रोजी खुला झालेला हा मॉल पूर्णपणे बंदिस्त आणि बारमाही वातानुकूलित असा अमेरिकेतील पहिला प्रादेशिक मॉल मानला जातो. एकाच छताखाली दोन मोठी डिपार्टमेंट स्टोअर (वेगवेगळ्या विभागांत नाना प्रकारच्या वस्तू विकणारी दुकाने), त्यांना जोडणाऱ्या मार्गांवर लहान दुकाने, मध्यभागी चौक आणि सभोवती पार्किंग ही पुढे जगभर रूढ झालेली रचना येथे प्रथमच एकत्रितपणे साकार झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील मध्यमवर्गीय कुटुंबे मोठ्या संख्येने शहरे सोडून उपनगरांत राहू लागली. घरासाठी सुलभ कर्जे मिळत होती आणि मोटारगाड्याही सर्वसामान्यांच्या आवाक्यात आल्या होत्या. खरेदीसाठी मात्र शहराच्या मध्यवस्तीतच जावे लागे. मिनीॲपोलिसच्या मध्यवस्तीत डेटन कुटुंबाचे नामांकित डिपार्टमेंट स्टोअर होते. गिऱ्हाईक दूर जात असेल, तर दुकानानेच त्याच्याकडे जावे, असे ठरवून डेटन कंपनीने ईडायना येथे ४६३ एकर जमीन मिळवली आणि आराखड्याचे काम वास्तुविशारद व्हिक्टर ग्रुएन यांच्याकडे सोपवले. १९०३ मध्ये व्हिएन्नात जन्मलेल्या ग्रुएन यांना नाझी राजवटीमुळे १९३८ मध्ये मायदेश सोडावा लागला होता. १९५४ मध्ये डेट्रॉइटजवळ खुले झालेले नॉर्थलँड हे त्यांचे खरेदी केंद्र यशस्वी ठरले होते. पण तेथे दुकानांच्या मधले मार्ग उघड्यावर होते.

मिनेसोटात तो प्रकार चालण्यासारखा नव्हता. तेथे हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस-पंचवीस अंश सेल्सिअसपर्यंत घसरतो, तर उन्हाळा दमट आणि उकाड्याचा असतो. त्यामुळे साउथडेलची संपूर्ण इमारत बंदिस्त ठेवून आतील तापमान वर्षभर सुमारे २४ अंश सेल्सिअसवर राखण्याची व्यवस्था करण्यात आली. मधले मार्गच उबदार असल्याने प्रत्येक दुकानाला स्वतंत्र दर्शनी भिंत आणि जाड दारे लागत नव्हती, हा या योजनेचा दुय्यम, पण महत्त्वाचा फायदा होता. सुमारे दोन कोटी डॉलर खर्चून बांधलेल्या या मॉलमध्ये आठ लाख चौरस फुटांच्या आसपास जागा, ७२ दुकाने आणि ५,२०० गाड्यांचे पार्किंग होते.

आराखड्यातील खरे कौशल्य मात्र गिऱ्हाइकाच्या चालण्याच्या मार्गात दिसते. दुकाने दोन मजल्यांवर विभागलेली असली, की वरच्या मजल्यावर वर्दळ कमी होते, ही दुकानदारांची नेहमीची तक्रार. ग्रुएन यांनी पार्किंगही दोन पातळ्यांवर ठेवले, त्यामुळे काही गिऱ्हाइके थेट वरच्या मजल्यावर आणि काही खालच्या मजल्यावर प्रवेश करीत, आणि सरकत्या जिन्यांमुळे दोन्ही मजल्यांवर ये-जा होत राही. डेटन्स आणि तिचे प्रतिस्पर्धी डोनाल्डसन्स ही दोन मोठी स्टोअर एकाच इमारतीत आणणे हा त्या काळी धाडसाचा निर्णय होता. एका मोठ्या स्टोअरमधून दुसऱ्याकडे जाणारा माणूस वाटेतील लहान दुकानांसमोरून जाई, आणि त्या वर्दळीवरच लहान दुकानांचा धंदा उभा राही. मॉलच्या व्यवसायात ज्यांना आज ‘अँकर स्टोअर’ म्हणतात, त्यांचे काम हेच.

मध्यभागी ‘गार्डन कोर्ट’ नावाचा, छतातील काचांमधून उजेड घेणारा चौक होता. त्यात माशांचे तळे, रंगीबेरंगी पक्ष्यांचा २१ फूट उंच पिंजरा, सज्जांवरून लोंबणारी झाडे, कॅफे आणि शिल्पकार हॅरी बर्टोइया यांनी धातूत घडवलेले उंच वृक्ष होते. ग्रुएन यांच्या दृष्टीने हा चौक ही केवळ सजावट नव्हती. विखुरलेल्या, मोटारीवाचून पानही न हलणाऱ्या उपनगराला व्हिएन्नातल्यासारखी भेटीगाठींची जागा मिळावी, हा त्यामागचा हेतू होता. मूळ योजनेत मॉलभोवती घरे, शाळा, वैद्यकीय केंद्र, उद्याने आणि तळेही होते. प्रत्यक्षात मॉलमुळे भोवतालच्या जमिनीचे भाव वाढले आणि ती तुकड्यातुकड्यांनी विकसित झाली. आखलेले गाव तसे उभे राहिले नाही. साउथडेलच्या इतिहासातील सर्वांत मोठी उणीव हीच म्हणावी लागेल. वृत्तपत्रांनी मॉलचे भरभरून कौतुक केले, परंतु १९५६ मध्येच तेथे आलेले विख्यात अमेरिकी वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांनी गार्डन कोर्टवर कठोर टीका केली.

धंद्याच्या दृष्टीने साउथडेलचे अनुकरण झपाट्याने झाले. व्यापारी इमारतींवर पहिल्या वर्षांत जास्त घसारा (वापरामुळे किमतीत होणारी घट) दाखवून कर कमी करण्याची सवलत देणारा १९५४ चा करकायदा आणि महामार्गांना चालना देणारा १९५६ चा कायदा यांमुळे मॉल बांधणे ही किफायतशीर गुंतवणूक ठरली. मिनीॲपोलिस परिसरातच ब्रुकडेल (१९६२), रोझडेल (१९६९) आणि रिजडेल (१९७४) हे त्याच धर्तीचे मॉल उभे राहिले. साउथडेलमध्ये १९७२ साली जे. सी. पेनी हे तिसरे मोठे स्टोअर आले आणि १९९१ साली डेटन्सची नवी, अधिक मोठी इमारत झाली. पुढच्याच वर्षी जवळच्या ब्लूमिंग्टनमध्ये मॉल ऑफ अमेरिका सुरू झाल्याने मात्र परिसरातील स्पर्धा तीव्र झाली.

ग्रुएन १९६० च्या दशकाच्या अखेरीस व्हिएन्नाला परतले. मॉलभोवती नगरे न वसवता फक्त पार्किंगची मैदाने पसरवणाऱ्या बांधकामांचे जनकत्व त्यांनी १९७८ मध्ये जाहीरपणे नाकारले; १९८० मध्ये त्यांचे निधन झाले.

डेटन्सचे नाव बदलून २००१ मध्ये मार्शल फील्ड्स आणि २००६ मध्ये मेसीज झाले. जे. सी. पेनी बंद झाल्यावर त्या जागी २०१९ मध्ये मोठा फिटनेस क्लब सुरू झाला. मॉलच्या आवारातील पार्किंगच्या जागेवर २०१० च्या दशकात निवासी इमारती बांधण्यास सुरुवात झाली असून, त्यांतील रहिवासी आता मॉलमध्ये पायी येऊ शकतात.