स्वीट विल्यम : नागपूरच्या घरबागेतील लागवड

स्वीट विल्यम (डायॅन्थस बार्बेटस) हे कार्नेशनच्या प्रजातीतले, मूळचे दक्षिण युरोपातले फुलझाड. लंडनचे रोपवाटिकाकार टॉमस फेअरचाइल्ड यांनी १७१७ च्या सुमारास याच दोघांचा संकर घडवला. माणसाने हेतुपुरस्सर केलेल्या वनस्पतिसंकरांत तो पहिला मानला जातो. देठाच्या टोकाला सपाट, दाट झुबका येतो. प्रत्येक फुलाला पाच पाकळ्या, त्यांची कड करवतीसारखी, आणि पुष्कळ वाणांत मध्याभोवती वेगळ्या रंगाचे कडे असते. नर्सरीत नुसते ‘डायॅन्थस’ म्हणून मिळणारे रोप बहुधा चिनी जातीचे असते; त्याची फुले सुटी, विरळ येतात. तेव्हा रोप घेण्याआधी झुबका पाहून घ्यावा.

थंड मुलखात हे झाड पहिल्या वर्षी पाने धरते आणि एक हिवाळा काढून दुसऱ्या वर्षी फुलते. नागपुरात तेवढा वेळ मिळत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, त्यात रोप टिकत नाही. म्हणून इथे पेरल्या वर्षीच फुलणारे वाणच लावावेत. पाऊस ओसरला की सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरणी उरकावी. दिवाळीनंतर पेरलेल्या रोपांना फुलायला पुरती थंडी उरत नाही.

बी बारीक असते. त्यावर मातीचा पातळ थर पुरे. आठ-दहा दिवसांत उगवण होते. चार-सहा पाने आली की वीतभर अंतराने रोपे लावावीत.

खरी अडचण विदर्भाच्या काळ्या मातीची. चुनखडी या झाडाला मानवते, पण ही माती पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजतात. त्यामुळे कुंडी किंवा उंच वाफाच बरा : दोन भाग माती, एक भाग जाड वाळू, एक भाग कुजलेले शेणखत. बोट खुपसून वरची माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे, तेही सकाळी बुंध्याशी. ओल्या पानांवर तांबेरा लवकर धरतो. मावा दिसताच निंबोळी अर्क फवारावा. ऊन सहा तास तरी हवे, मात्र फेब्रुवारीच्या उत्तरार्धात कुंड्या दुपारच्या सावलीत सरकवल्या तर बहर लांबतो.

सुकलेले झुबके देठासकट खुडत राहिल्यास बगलेतून नवे फुटतात. बी धरायचे असेल तर एक-दोन झुबके झाडावरच वाळू द्यावेत. शेजारी दुसऱ्या रंगाचे झाड असेल, तर पुढच्या वर्षी रंगांची सरमिसळ होते.