कोणाला विचारलं आणि कोणाला दिलं: संशोधनातल्या दोन वेगळ्या चिठ्ठ्या

एम.एड. किंवा पीएच.डी.च्या प्रबंधातलं संशोधन पद्धतीचं प्रकरण उघडलं की 'यादृच्छिक पद्धतीने १०० विद्यार्थी निवडले' हे वाक्य हमखास भेटतं. पुढे निष्कर्षांत 'ॲपच्या वापरामुळे विद्यार्थ्यांची संपादणूक वाढली' असं येतं. पहिल्या वाक्याच्या जोरावर दुसरं म्हणता येत नाही. तरीही ते लिहिणाऱ्याला, मार्गदर्शकाला आणि परीक्षकाला खटकत नाही, याची मला खरंच काळजी वाटते. कारण अशाच निष्कर्षांवर उद्या एखाद्या शाळेचा पैसा आणि मुलांचं वर्ष खर्ची पडतं.

संशोधनात चिठ्ठ्या दोन ठिकाणी टाकता येतात. एक, अभ्यासात कोणाला घ्यायचं हे ठरवताना. दुसरी, घेतलेल्यांपैकी नवा उपाय कोणाला द्यायचा आणि कोणाला नाही हे ठरवताना. पहिलीला यादृच्छिक नमुना निवड म्हणतात, दुसरीला यादृच्छिक विभागणी. बोलताना दोन्हींना 'रँडम' म्हटलं जातं आणि घोळ तिथेच होतो. पहिली चिठ्ठी 'हे सगळ्यांबद्दल खरं आहे का' याचं उत्तर देते, दुसरी 'हे त्यामुळेच झालं का' याचं.

आधी पहिली. शिक्षणक्षेत्रात काम करणाऱ्या 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणारं, ग्रामीण मुलांना वाचता-गणित करता येतं का हे पाहणारं 'असर' सर्वेक्षण हा आपल्याकडचा उत्तम नमुना. ग्रामीण भागातल्या प्रत्येक जिल्ह्यात जनगणनेच्या यादीतून ३० गावं निघतात. मोठ्या गावाला निवडलं जाण्याची संधी त्याच्या लोकसंख्येच्या प्रमाणात जास्त. गावात पोहोचलेले स्वयंसेवक आधी गावाचा नकाशा काढतात, गावाचे चार भाग पाडतात आणि प्रत्येक भागाच्या मध्यापासून डाव्या हाताचं दर पाचवं घर घेत जातात. एका भागातली पाच, म्हणजे गावातली वीस घरं. सरपंच सांगतील ती घरं घ्यायची नाहीत, रस्त्यालगतची सोयीची घरंही नाहीत. मुलांना शाळेत न गाठता घरी गाठतात, कारण शाळेत गेलं तर त्या दिवशी गैरहजर असलेलं आणि शाळा सोडलेलं मूल सुटतं. मग मुलासमोर एक कागद ठेवायचा: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल कुठपर्यंत वाचतं ते लिहून घ्यायचं.

शितावरून भाताची परीक्षा होते, पण शीत पातेल्यात कुठूनही उचललेलं असलं तरच. वरवरचं शीत घेऊन चालत नाही, आणि वरवरची मूठभर शितं घेऊनही चालत नाही. हा दुसरा भाग विसरला जातो. २०२१ साली अमेरिकेत कोविड लशीबद्दल फेसबुकवरून दर आठवड्याला सुमारे अडीच लाख लोकांची उत्तरं गोळा होत होती. त्या मे महिन्यात या सर्वेक्षणाने लस घेतलेल्यांचं प्रमाण प्रत्यक्षापेक्षा सुमारे १७ टक्के बिंदूंनी जास्त दाखवलं. त्याच काळात जेमतेम हजार लोकांच्या, पण काळजीपूर्वक निवडलेल्या नमुन्याचा अंदाज खऱ्या आकड्याच्या जवळ होता. व्हॉट्सॲप ग्रुपवर गूगल फॉर्म फिरवून 'एक हजार प्रतिसाद मिळाले' असं अभिमानाने लिहिणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट वाचावी. ज्यांना फॉर्म भरावासा वाटला त्यांनीच तो भरला, आणि संख्या कितीही वाढवली तरी हा दोष जात नाही.

आता 'असर'चाच एक आकडा घेऊ. सरकारी शाळेतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकणारी मुलं २०२२ मध्ये १६.३ टक्के होती, २०२४ मध्ये २३.४ टक्के झाली. वाढ खरी आहे, त्याबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. २०२४ चं सर्वेक्षण ६०५ जिल्ह्यांतल्या साडेसहा लाखांजवळ मुलांचं होतं. पण ही वाढ २०२१ मध्ये सुरू झालेल्या, लहान मुलांच्या वाचन-गणिताचा पाया पक्का करण्याच्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानामुळे झाली का? तसं असू शकतं. कोविडनंतर शाळा नियमित सुरू झाल्याचा तो परिणाम असू शकतो, किंवा दोन्ही मिळून. अभियान सगळीकडे एकदमच आलं, त्यामुळे ते नसतं तर काय झालं असतं हे दाखवणारी मुलं या सर्वेक्षणात नाहीत. 'असर'चा हा दोष नव्हे. ते मोजण्यासाठी आहे, कारण शोधण्यासाठी नाही.

कारण शोधायचं तर दुसरी चिठ्ठी लागते. त्याचं उदाहरण 'प्रथम'च्याच कामातून निघालं. मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत २००१ ते २००३ या काळात 'बालसखी' हा प्रयोग तपासला गेला. बालसखी म्हणजे वस्तीतलीच शिकलेली तरुणी. दोन आठवड्यांचं प्रशिक्षण, महिन्याला ५०० ते ७५० रुपये मानधन. वर्गातली मागे पडलेली १५ ते २० मुलं रोज सुमारे दोन तास तिच्याकडे जायची. जागा मिळेल तिथे, प्रसंगी व्हरांड्यातही ती बसायची आणि अक्षरओळख, बेरीज-वजाबाकी पक्की करून घ्यायची.

बालसखी नुसती शाळांना देऊन टाकली असती आणि मुलं सुधारली म्हणून टाळ्या वाजवल्या असत्या, तर ते खोटं ठरलं असतं. मुलं वर्षभरात सुधारतातच, बालसखी असो वा नसो. उत्साही मुख्याध्यापकांनी ती मागून घेतली असती तर त्या शाळा आधीच बऱ्या असण्याची शक्यता होती. म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. वडोदऱ्यात पहिल्या वर्षी निम्म्या शाळांमध्ये तिसरीला बालसखी मिळाली, उरलेल्या निम्म्यांमध्ये चौथीला. एका गटातल्या तिसरीची तुलना दुसऱ्या गटातल्या तिसरीशी झाली. कोणतीही शाळा पूर्ण वंचित राहिली नाही आणि तुलनाही स्वच्छ झाली. ही रचना मला फार आवडते. 'प्रयोगासाठी मुलांना वंचित ठेवायचं का' या रास्त प्रश्नाचं उत्तर तिच्यात आहे.

पहिल्या वर्षी सरासरी गुण ०.१४ प्रमाण विचलनाने (म्हणजे मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेले आहेत त्या मापाने) वाढले, दुसऱ्या वर्षी ०.२८ ने. ०.२८ म्हणजे शंभर मुलांत बरोबर मध्यावर असलेलं मूल साधारण अकरा मुलांना मागे टाकून पुढे जातं. हा फायदा बालसखीकडे गेलेल्या मुलांचा होता. वर्गातली गर्दी कमी झाल्याचा लाभ मागे राहिलेल्यांना फारसा झाला नाही. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात परिणाम बराच विरला, तोही संशोधकांनी प्रामाणिकपणे छापला. या संशोधकांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर दुफ्लो यांना पुढे २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मायकेल क्रेमर यांच्यासह मिळालं, ते अशाच प्रयोगांच्या पद्धतीसाठी.

पण विभागणी कितीही चोख असली तरी तिने पहिल्या चिठ्ठीचं काम होत नाही. दोन शहरांतल्या पालिका शाळांत जे घडलं ते मेळघाटात घडेल असं त्यातून निघत नाही. त्यासाठी नव्या जागी नवे प्रयोग करावे लागतात. पुढे बिहार, उत्तराखंड, हरियाणा, उत्तर प्रदेशात ते झाले. नुसतं प्रशिक्षण आणि साहित्य सरकारी शिक्षकांच्या हाती दिलं तिथे शाळेच्या वर्षात फारसं काही हललं नाही. मुलांना पातळीनुसार बसवण्याची वेळ ठरवून दिली आणि त्यावर देखरेख ठेवली तिथे फरक पडला.

चिठ्ठीच न टाकता कारण शोधता येतं का? येतं, पण जास्त कष्ट पडतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत गावातल्याच प्रशिक्षित आरोग्यदूतांमार्फत ३९ गावांत राबवली आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. गावांची वाटणी चिठ्ठ्यांनी झाली नव्हती. म्हणून सुरुवातीची नोंद महत्त्वाची ठरली: हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यू आरोग्यदूतांच्या गावांत ६२, तुलनेच्या गावांत ५८. तिसऱ्या वर्षी आरोग्यदूतांच्या गावांत हा आकडा सुमारे २६ वर आला, तुलनेच्या गावांत ६० च्या आसपासच राहिला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. नंतर बांगलादेशातल्या सिल्हेटमध्ये चिठ्ठ्या टाकून गावं वाटली गेली, तिथेही घरी जाऊन काळजी घेतल्याने नवजात मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटले. २०११ पासून आशाताई देशभर बाळंतिणीच्या घरी जातात, त्यामागे हे सगळं आहे.

मोजणं आणि कारण शोधणं या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहायच्या तर उत्तर प्रदेशातला जौनपूर जिल्हा पाहावा. तिथे वाचनाच्या अशाच साध्या चाचणीचे निकाल गावकऱ्यांना दाखवायचे, की ते शाळेवर दबाव आणतील, अशी अपेक्षा होती. २८० गावांची चिठ्ठ्यांनी वाटणी झाली. काही गावांत फक्त माहिती दिली, काहींत लोकांना चाचणी स्वतः घ्यायला शिकवलं, काहींत शिवाय गावातल्या तरुणांना वाचनवर्ग घ्यायला तयार केलं, उरलेल्या गावांत काहीच केलं नाही. निकाल कळल्याने पालक शाळेकडे वळले नाहीत आणि सरकारी शाळा सुधारल्या नाहीत. वाचनवर्गांना आलेली मुलं मात्र वाचू लागली, पण आली फार थोडी.