नॅस घेताना लोक आधी प्रोसेसर का विचारतात?

घरातल्या चित्रपटांसाठी नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेली फाइली साठवायची पेटी, घ्यायचा म्हटलं की आज पहिला प्रश्न येतो तो प्रोसेसरचा. वीस वर्षांपूर्वी तो फारसा कोणी विचारत नसे. नॅसने फाइली सांभाळायच्या आणि मागितल्या की द्यायच्या, एवढंच त्याचं काम होतं.

२००४ मधली लिंक्सिसची एनएसएलयू२ घ्या. छोटीशी पेटी. स्वतःची डिस्क नाही, यूएसबीचे दोन पोर्ट, ३२ मेगाबाइट रॅम. आत लिनक्स आहे हे कळल्यावर हौशी मंडळींनी ती खोलली. सुरुवातीच्या पेट्यांतला २६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर कंपनीनेच निम्म्या वेगावर ठेवला होता. बोर्डवरचा एक रेझिस्टर काढला की तो पूर्ण वेगाने चाले. अशा लिनक्सवाल्या पेट्या विंडोजच्या संगणकाला दिसायच्या त्या सांबामुळे. अँड्र्यू ट्रिजेल यांनी ऑस्ट्रेलियात पीएचडी करताना लिहायला घेतलेलं हे सॉफ्टवेअर आजही बहुतेक नॅसमध्ये असतं. व्हिडिओ उलगडून दाखवण्याचं जड काम मात्र टीव्हीशेजारच्या यंत्राचं, बऱ्याचदा फेरफार केलेल्या एक्सबॉक्सचं. त्यावर चालणारं एक्सबीएमसी हे चित्रपट दाखवणारं सॉफ्टवेअर म्हणजेच आजचं कोडी.

टीव्ही कंपन्यांनाही हा बाजार दिसत होता. सोनी, इंटेल, मायक्रोसॉफ्ट वगैरेंनी २००३ मध्ये काढलेली संघटना पुढे डीएलएनए झाली. तिचा शिक्का असलेली उपकरणं एकमेकांना ओळखायची खरी, पण म्हणून फाइल चालेलच असं नव्हतं. एमकेव्ही (चित्रपटांच्या फाइलींचा एक प्रकार) फाइल यादीत दिसायची (काही टीव्हींवर तीही नाही) आणि बटण दाबलं की टीव्ही हात वर करायचा. आजचा बराचसा गुंता माझ्या मते इथूनच सुरू झाला.

टीव्हीला जमत नाही ना, मग नॅसने करावं, असा तोडगा निघाला. एक्सबीएमसीच्या कोडमधून फुटून निघालेलं प्लेक्स २००८ मध्ये आलं. समोरच्या टीव्हीला किंवा फोनला झेपेल अशा रूपात व्हिडिओ चालू असतानाच बदलून देण्याचं काम पुढे त्याचा सर्व्हर करू लागला. हेच ट्रान्सकोडिंग. स्वस्त नॅसमधल्या एआरएम प्रोसेसरचा त्यात दम निघायचा. २०११ मध्ये इंटेलने सँडी ब्रिज प्रोसेसरांबरोबर क्विक सिंक आणलं, म्हणजे याच कामासाठी चिपमधल्या ग्राफिक्सच्या भागात वेगळी सोय. तेव्हापासून नुसत्या वेगाच्या आकड्यावरून नॅस निवडणं फसवं झालं. नॅस बनवणाऱ्या सिनॉलॉजीच्या डीएस९२०+ मध्ये इंटेलचा सेलेरॉन होता, तर २०२२ मध्ये आलेल्या डीएस९२३+ मध्ये एएमडीचा रायझेन. नवा प्रोसेसर एरवी तगडा, पण त्यात ग्राफिक्सच नाही. ट्रान्सकोडिंगपुरती जुनी पेटी सरस!

पुढचा धक्का सॉफ्टवेअरने दिला. ऑगस्ट २०२४ च्या अपडेटमध्ये सिनॉलॉजीने नॅसवरचे चित्रपट दाखवणारं आपलं व्हिडिओ स्टेशन बंद केलं. २०२५ च्या प्लस मॉडेलांत कंपनीने ठरवलेल्याच डिस्क चालतील असं जाहीर केलं आणि ओरड झाल्यावर त्याच वर्षी बरीचशी माघार घेतली. अशा वेळी जेलीफिनचं मोल कळतं. प्लेक्ससारख्याच एम्बी या सॉफ्टवेअरने आपला कोड इतरांना बंद केल्यावर डिसेंबर २०१८ मध्ये त्यातून वेगळं झालेलं हे सॉफ्टवेअर मोफत आहे, आणि हार्डवेअर (म्हणजे चिपमधली सोय वापरून होणाऱ्या) ट्रान्सकोडिंगसाठी प्लेक्ससारखे पैसेही मागत नाही.

रेडचं, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून वापरण्याच्या सोयीचं म्हणाल तर एक डिस्क गेली तरी काम चालू राहतं, इतकंच. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या अनेक जुन्या माय बुक लाइव्ह पेट्यांतला डेटा इंटरनेटवरून कोणीतरी पुसून टाकला. अशा वेळी रेडचा काही उपयोग नसतो.

आता बहुतेक फोरके टीव्ही एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून छोटा करण्याची एक पद्धत) स्वतःच चालवतात, त्यामुळे फक्त घरात बघणाऱ्याला ट्रान्सकोडिंग क्वचितच लागतं. अडचण भलतीकडेच निघते. फोरके ब्लू-रेचा डेटा सेकंदाला १२८ मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो आणि कित्येक महागड्या टीव्हींचा इथरनेट पोर्ट अजून १०० मेगाबिटचाच आहे. तिथे केबल काढून फाइव्ह गिगाहर्ट्झ वायफाय लावलं तर चित्रपट अडकायचा थांबतो, नॅस कोणताही असो.