बासरीचा रे उतरतोय? कानस हातात घेण्याआधी

पांढरी पाचची (पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीला सा असलेली), सहा भोकांची शिकाऊ बासरी. सा नीट लागतो, ग ठीक आहे, पण रे दर वेळी किंचित उतरलेला. घरात गोल कानस असली की हात तिकडेच वळतो. पण घासून गेलेला बांबू परत येत नाही, म्हणून दोष भोकाचाच आहे ना, हे आधी ठरवायला हवे.

पहिला संशय थंडीवर घ्या. हवेतला ध्वनीचा वेग तापमानाबरोबर वाढतो आणि दर अंशामागे बासरीचा सूर साधारण 3 सेंट चढतो. (100 सेंट म्हणजे एक अर्धस्वर.) पुण्यात डिसेंबरच्या पहाटे पारा 12 अंशांपर्यंत उतरतो, एप्रिलच्या दुपारी 38 गाठतो. गार बासरीचे सगळेच सूर उतरतात. दहा मिनिटे वाजवली की श्वासाच्या उबेने बरेचसे सावरतात. त्यानंतरही एकच सूर मागे राहिला, तर पुढे जा.

मोबाइलवरच्या ट्यूनरचे मात्र आंधळेपणाने ऐकू नका. तो सप्तकाचे 12 सारखे भाग धरतो. तानपुऱ्याच्या खर्जातून, म्हणजे सर्वांत खालच्या सा च्या तारेतून, आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गंधार (ग) त्या मापाने 14 सेंट खाली असतो आणि आपल्या कानाला तोच खरा वाटतो. पांढरी पाचच्या सा ची वारंवारता 392 हर्ट्झ धरली, तर स्वयंभू ग 490 वर येतो, ट्यूनरचा ग जवळपास 494 वर. ट्यूनर पाहून ग ‘दुरुस्त’ केलात, तर तानपुऱ्यासोबत तो सेकंदाला चारेक वेळा हेलकावे खाईल. भौतिकशास्त्रात यांनाच विस्पंद म्हणतात. हेलकावे मंदावत थांबले की सूर मिळाला, हीच खरी कसोटी. रे च्या बाबतीत दोन्ही मापांत फरक जेमतेम 4 सेंटचा आहे, त्यामुळे तिथे ट्यूनर चालून जातो.

आता बोटे तपासा. रे ला फुंकेच्या बाजूची पहिली दोन भोके बंद असतात. त्यांवर सेलोटेप घट्ट चिकटवा आणि नेहमीच्याच जोराने फुंका. जोर वाढला की सूर चढतो आणि बासरी ओठांकडे वळवली की उतरतो, म्हणून फुंक बदलू देऊ नका. टेप लावल्यावर सूर जागेवर आला, तर दोष बोटांचा आहे.

तरीही उतरलेलाच राहिला, तर तिसरे भोक बघा. सूर मुख्यतः पहिल्या उघड्या भोकावर ठरतो, कारण नळीतला हवेचा स्तंभ जवळपास तिथे संपतो. भोक मोठे झाले किंवा फुंकेकडे सरकले की स्तंभ आखूड होतो, सूर चढतो. म्हणून कानस भोकाच्या फुंकेकडील कडेवर चालवा: दोन-तीन हलके फेरे, भुसा झटका, वाजवा, ऐका. पुन्हा दोन फेरे. सूर मिळायला थोडेसेच उरले असेल तिथे थांबा. तेवढे फुंकीने सावरते. तिसरे भोक वाढले की रे च्या लगेच पुढचा ग सुद्धा जरासा चढतो, तो लगेच तपासा. बरेच सूर बिघडले असतील, तर याच कारणाने खालून सुरुवात करायची: आधी सहाव्या भोकाचा ध, मग नी, सा, रे.

सूर उतरलेला नसून चढा असेल, तर काम सोपे आणि बिनधोक. मधमाशीचे मेण बोटांत मऊ करा आणि त्याच फुंकेकडील कडेला आतून पातळ लावा. जास्त झाले तर नखाने काढता येते.

मध्य सप्तक सुरेल आणि तार सप्तकातले सगळेच सूर उतरलेले असतील, तर भोकांना हात लावू नका. तिथे बूच (नळीचे फुंकेकडचे टोक बंद करणारा आतला गट्टू) फुंकेच्या भोकापासून लांब गेलेले असण्याची शक्यता जास्त. बंद टोकाकडून काडीने ते एकेक मिलिमीटर आत ढकला आणि दर वेळी दोन्ही सा जुळवून पाहा. तार सप्तक चढे असेल, तर उघड्या टोकातून लांब काठी घालून उलट ढकला. काही बासऱ्यांत बुचाऐवजी बांबूचे पेरच असते. तिथे हा उपाय चालत नाही.