रेंजवर वाघ, कोर्सवर शेळी

गोल्फ खेळणाऱ्यांच्या गप्पांत एक तक्रार हमखास निघते. ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, बॉल शहाण्यासारखा सरळ जात होता, रविवारी कोर्सवर गेलो आणि पहिल्याच टीवरून (पहिला फटका मारायच्या जागेवरून) थेट झाडीत! मग दोष वाऱ्याला, नाहीतर नव्या ड्रायव्हरला, म्हणजे लांब फटक्याच्या क्लबला (गोल्फच्या काठीला). खरी गोम बहुतेक वेळा सरावाच्या पद्धतीत असते.

नेहमीचा सराव आठवून बघा. बॉलची बकेट घ्यायची, मॅटवर उभं राहायचं, सेव्हन आयर्न या मध्यम अंतराच्या क्लबने एकामागून एक तीस-चाळीस बॉल मारायचे, मग ड्रायव्हर काढून उरलेली बकेट रिकामी करायची. पहिले काही फटके वाकडेतिकडे जातात, मग लय सापडते आणि ‘आता जमलं’ असं वाटतं. पण एव्हाना मेंदूला फारसं काम उरलेलं नसतं. क्लब तोच, लक्ष्य तेच, पायही तिथेच रोवलेले. मागच्या फटक्यात किंचित फेरफार केला की भागतं. कोर्सवर ही चैन नाही. पार ७२च्या, म्हणजे अठरा होल ७२ फटक्यांत संपावेत असं धरलेल्या नेहमीच्या कोर्सवर ड्रायव्हर फार तर १४ वेळा बाहेर येतो, तोही चार तासांत. मध्ये चालणं, आयर्न, वेज (जवळच्या उंच फटक्यांचा क्लब), पटिंग (होलजवळ बॉल जमिनीवरून ढकलणं) आणि सोबत्यांची टिंगल. प्रत्येक फटका पहिल्यापासून जुळवावा लागतो. पाढा ओळीने म्हणणं वेगळं आणि मध्येच कुणी ‘तेरा साते किती?’ विचारलं तर उत्तर देणं वेगळं.

हा फरक १९७९ साली जॉन शिया आणि रॉबिन मॉर्गन या संशोधकांनी एका साध्या प्रयोगात दाखवला. हाताने छोटे लाकडी अडथळे ठरावीक क्रमाने पाडायचे, असे तीन क्रम. एका गटाने एकेक क्रम पूर्ण घोटला, दुसऱ्याने तिन्ही उलटसुलट केले. सरावात पहिला गट पुढे होता. दहा दिवसांनी चाचणी घेतली तेव्हा दुसरा गट सरस ठरला. १९९४मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजच्या बेसबॉलपटूंवर असाच प्रयोग झाला. सहा आठवडे तीन प्रकारचे चेंडू खेळायचे, एका गटाने प्रकारवार, दुसऱ्याने मिसळून. शेवटच्या मिश्र चाचणीत मिसळून खेळणाऱ्यांची सुधारणा ५७ टक्के होती, प्रकारवार खेळणाऱ्यांची २५.

यातली खरी मेख २००१ साली डॉमिनिक सायमन आणि रॉबर्ट ब्यॉर्क यांनी दाखवली. ओळीने सराव केलेल्यांना विचारलं, उद्या कसं जमेल? त्यांनी स्वतःला भरघोस मार्क दिले आणि दुसऱ्या दिवशी तेच मागे पडले. म्हणजे सराव छान चालल्याची भावना हा शिकल्याचा पुरावा नव्हे. हातोहात विसरायला लागणं आणि पुन्हा आठवावं लागणं, याच कटकटीत शिकणं होतं, असं मानतात.

मात्र प्रयोगशाळेत हा फरक जेवढा ठसठशीत दिसतो तेवढा मैदानावर दिसत नाही. आणि ज्याला क्लब धरण्यापासून सुरुवात आहे, त्याने आधी एकच क्लब घेऊन घोटवणं माझ्या मते योग्यच आहे.

रेंजचं सामानही फसवतं. गवतावर क्लब बॉलच्या इंचभर मागे टेकला तर मातीत रुततो आणि बॉल जेमतेम पुढे सरकतो. मॅटवर तोच क्लब घसरून बॉलवर येतो, बॉल बऱ्यापैकी उडतो आणि चूक झाकली जाते. बॉलमागे थोड्या अंतरावर टॉवेलची घडी ठेवा, क्लब लवकर टेकला की लगेच कळतं. रेंजचे बॉल टिकाऊपणासाठी बनवलेले आणि झिजलेले असतात, बहुधा कमी लांब जातात. त्यांच्यावरून आपली अंतरं ठरवू नयेत.

दिशेचं गणित तर फारच निष्ठुर. क्लब आणि बॉल यांची गाठ सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरती. बॉल कुठल्या दिशेने सुटणार हे मुख्यतः त्या क्षणी क्लबचं तोंड कुठे आहे त्यावर ठरतं. बॉल नुसता एक अंश चुकीच्या दिशेने सुटला तरी २०० यार्डांवर साडेतीन यार्ड बाजूला जातो. वर फिरकीने वळला तर ते वेगळंच. म्हणून रेंजवर ‘तिकडे कुठेतरी’ मारणं व्यर्थ. दूरचे दोन झेंडे निवडा, मधली जागा म्हणजे फेअरवे, कोर्सवरचा कापलेल्या गवताचा पट्टा, असं समजा. तिथे ड्रायव्हर मारा, मग दुसऱ्या लक्ष्यावर आयर्न, मग वेज. दर वेळी मॅटवरून मागे या, नेम बघा, पुन्हा उभे राहा. बकेट संपायला वेळ लागेल, फटकेही जास्त चुकतील. चुकू द्या.

फटका मारताना मनात काय असावं? गॅब्रिएल वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९९मध्ये नवशिक्यांना पिच शॉट, म्हणजे जवळचे उंच फटके, मारायला लावले. हातांच्या हालचालीकडे लक्ष देणाऱ्यांपेक्षा क्लबच्या झुलण्याकडे लक्ष देणारे अचूक निघाले. कोपर, मनगट, खांदा यांची एकाच वेळी उजळणी करणाऱ्यांनी हे जरूर करून पाहावं. बॉलचा वेग नि कोन दाखवणारा स्क्रीन असेल तर प्रत्येक फटक्यानंतर त्याच्याकडे मान वळवू नका. सतत निकाल सांगितला तर माणूस त्याच्यावर टेकतो, हेही प्रयोगांत दिसलं आहे. आधी स्वतः अंदाज करा, मग आकडा बघा.

एक हिशोब मात्र रेंजवर कुणीच मांडत नाही. पार ७२मध्ये प्रत्येक होलला दोन असे ३६ फटके पटिंगचेच धरलेले असतात. तरी बकेटसाठी रांग लागते आणि शेजारचं पटिंग ग्रीन मोकळं पडलेलं असतं, बऱ्याच ठिकाणी फुकट.