जलरंगचित्र आणि घराची भिंत

जलरंगचित्र : डिंकात घोटलेले रंगद्रव्य पाण्याने पातळ करून कागदावर रंगवलेले चित्र. रंगाच्या वडीत किंवा ट्यूबमध्ये रंगद्रव्याची अतिशय बारीक पूड असते, ती कागदाला धरून ठेवणारा डिंक असतो (बहुतेक करून बाभळीच्या कुळातल्या एका आफ्रिकी झाडाचा) आणि रंग वाळून तडकू नये म्हणून घातलेले ग्लिसरीन किंवा मध असतो. रंगवून झाले की पाणी उडून जाते आणि कागदाच्या तंतूंत रुतलेला रंगाचा विरळ थर तेवढा उरतो. तैलचित्रावर निदान वार्निशचे कवच असते. जलरंगाला तसे काहीच नसते. ओला हात लागला तर रंग पुन्हा सुटतो, ऊन लागले तर उडतो, दमट भिंतीवर टांगला तर कागदासकट बुरसतो. त्यामुळे जलरंगाची माहिती कुंचला आणि कागदापाशी थांबवता येत नाही. हे चित्र घरातल्या कोणत्या भिंतीवर आणि कसल्या चौकटीत राहणार आहे, हा त्याच विद्येचा भाग आहे. कोकण, मुंबई, गोवा अशा चार महिने भिजणाऱ्या मुलखात तर तो अर्ध्याहून मोठा भाग म्हणावा लागेल.

तंत्र

पारदर्शक जलरंगात पांढरा म्हणजे कागद. प्रकाश रंगाच्या पातळ थरातून आत जातो, खालच्या कागदावर आपटून परत येतो, आणि म्हणून चांगले जलरंगचित्र आतून उजळल्यासारखे दिसते. चित्रकाराला विचार उलटा करावा लागतो. जिथे ऊन पडले आहे ती जागा आधी राखून ठेवायची आणि सावल्या मागाहून चढवायच्या. एकदा गडद झालेला भाग पुन्हा पूर्ण उजळ करता येत नाही. ओल्या ब्रशने रंग उचलता येतो, पण डाग राहतोच. पांढरा मिसळून दाट केलेल्या अपारदर्शक रंगाला गुवाश म्हणतात. शाळेतला पोस्टर कलर त्याच जातीचा, आणि राजस्थानी-पहाडी लघुचित्रेही मुळात डिंकातल्या अपारदर्शक जलरंगांचीच.

कागद कापसाचा आणि निदान ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) असावा, असे चित्रकार आग्रहाने सांगतात आणि तो आग्रह योग्य आहे. पूर्ण शीट २२ × ३० इंचांचे असते. बाहेर जाऊन काढताना बहुतेक जण त्याचे अर्धे किंवा पाव वापरतात. गुळगुळीत पोताच्या कागदाला हॉट प्रेस, मध्यम खरखरीताला कोल्ड प्रेस आणि सर्वांत खडबडीताला रफ म्हणतात. कागद बनवताना त्यात सरस मुरवलेला असतो, म्हणून तो रंग टीपकागदासारखा शोषून घेत नाही, थोडा वेळ वरच खेळू देतो. पातळ कागद मात्र पाण्याने फुगतो आणि त्यावर डोंगर-दऱ्या उठतात. तो आधी भिजवून, कडा गमटेपने (पाण्याने ओली करून चिकटवायच्या कागदी पट्टीने) बोर्डाला चिकटवून ताणून घ्यावा लागतो.

सगळ्यात अवघड काम म्हणजे नेमकी ओल ओळखणे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर, पाऊस तोंडावर आला असताना, एखादा चित्रकार आभाळ रंगवतो आहे असे समजू. बोर्ड जरा कलता ठेवून तो रुंद ब्रशने नुसते पाणी फिरवतो आणि मग थांबतो. कागदाकडे तिरपे, उजेडाच्या दिशेने पाहतो. पाणी तळ्यासारखे चकाकत असेल तर अजून वेळ आहे. आता लावलेला रंग वाहून जाईल. चकाकी उतरून ओल्या दगडासारखी मंद झाली की अल्ट्रामरिन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांचा करडा रंग ढगाच्या पोटात सोडायचा. तो आपणहून पसरतो, कडा मऊ राहतात. खाली बोर्डाच्या काठाशी जमलेला थेंब पिळलेल्या ब्रशने लगेच टिपून घ्यायचा. तो तसाच राहिला तर अर्धवट वाळलेल्या रंगात पाणी मागे शिरते आणि फुलकोबीच्या गड्ड्यासारखा दातेरी डाग उमटतो. हे सगळे दोन-चार मिनिटांत उरकते. नाशिकला गोदाघाटावर मे महिन्यात तेवढाही अवधी मिळत नाही. ब्रश पुढे जातो तोवर मागचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, वाळलेला असतो. श्रावणात उलट, एक थर वाळायची वाट पाहत बसावे लागते. स्पॉटवर काढलेल्या चित्रात त्या दिवसाची हवा उतरते असे म्हणतात, ते अक्षरशः खरे आहे.

महाराष्ट्र आणि गोव्यातील परंपरा

पाश्चात्त्य पद्धतीचा जलरंग मराठी मुलखात अठराव्या शतकाच्या अखेरीस आला. पेशव्यांच्या दरबारातला इंग्रजांचा वकील (म्हणजे राजदूत) चार्ल्स मॅलेट आणि त्याच्याबरोबरचा स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स यांच्यामुळे सवाई माधवरावांच्या काळात शनिवारवाड्यात चित्रकला शिकवण्याची सोय झाली. गंगाराम तांबट हा पुण्याचा चित्रकार त्याच वर्तुळातला. त्याने वेरूळची लेणी काढली, पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला. आडनावाने तांबट, हाताने चित्रकार. मापे घेऊन काढलेल्या रेषेवर हलका जलरंग फिरवण्याची त्याची रीत आजही पाहणाऱ्याला चकित करते. ही चित्रे आता अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या संग्रहालयात आहेत. पुण्याच्या चित्रकाराचे काम पाहायला पुणेकराला इतक्या लांब जावे लागावे, याची हळहळ वाटते.

१८५७ मध्ये मुंबईत सर ज. जी. कलाशाळा सुरू झाली आणि जलरंग रीतसर शिकवला जाऊ लागला. तिथे शिकून कोल्हापूरला परतलेले आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) शाहू महाराजांच्या दरबाराचे चित्रकार झाले, पण त्यांचा जीव रमला तो कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगा यांच्या काठावर. मुंबईच्या प्रदर्शनांपासून दूर राहून एकाच गावचे पाणी आणि झाडे त्यांनी आयुष्यभर काढली. कोल्हापुरात निसर्गचित्रांची जी पुढे परंपरा झाली तिचे मूळ त्यांच्यात आहे.

सावंतवाडीत जन्मलेले सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२-१९६८) यांनी व्यक्तिचित्रणात जलरंगाची ताकद दाखवली. १९४५-४६ च्या सुमारास काढलेले त्यांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या संग्रहात आहे. हातात समई घेतलेली, दुसऱ्या हाताने ज्योतीला आडोसा करणारी स्त्री. त्यांची कन्याच त्यासाठी उभी राहिली होती. बोटांच्या फटींतून झिरपणारा तांबूस उजेड पाहून अनेकांना ते तैलचित्र वाटते, कित्येक जण तर ते राजा रविवर्म्याचे समजतात. ते जलरंगात आहे. तो उजेड म्हणजे न झाकलेला कागद आहे, आणि भोवतीचा अंधार थरावर थर देत, खालचा थर न ढवळता चढवलेला आहे. जलरंगात काळोख इतका खोल नेणे आणि तरी तो मळकट होऊ न देणे किती कठीण, हे एकदा तरी ब्रश हातात धरलेल्याला कळते.

गोव्याचे आंजेलो द फोन्सेका (१९०२-१९६७) आयुष्याचा मोठा काळ पुण्यात राहिले. साडी नेसलेली मारिया, भारतीय चेहऱ्यामोहऱ्याचे संत त्यांनी जलरंगात काढले. त्यांची बरीच चित्रे आता पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहेत.

घरोघरी जलरंग पोचला तो मात्र शाळेच्या दप्तरातून. १९३१ मध्ये मुंबईत दांडेकर बंधूंनी सुरू केलेल्या उद्योगातून पुढे ‘कॅमल’ रंग आले, आणि एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांमुळे रंगपेटी, बारा नंबरचा ब्रश आणि पाण्याचा डबा या वस्तू मध्यमवर्गीय घराच्या ओळखीच्या झाल्या.

घरातल्या चित्रांची मराठी रीत

वाड्यांत चित्रे थेट भिंतीवर असत. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात ती अजून पाहता येतात. चौकटीतले चित्र सामान्य घरात आले ते छापखान्यामुळे. रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत शिळाछाप छापखाना काढला आणि त्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती देवघराच्या शेजारी लागल्या. पुढे दिनदर्शिकांनी ती जागा घेतली. मूळचे मडगावचे दीनानाथ दलाल (१९१६-१९७१) यांची ‘दीपावली’ अंकातली चित्रे लोक जपून कापत आणि चौकटीत बसवत. अंकासाठी काढलेले चित्र छापले जाऊन लाखोंच्या नजरेत भरले, पण मुळात ते हाताने, बहुधा जलरंगात काढलेले होते हे विसरू नये. अशा कातरणांनी मराठी घरांच्या भिंती दोन पिढ्या सजल्या, आणि त्यात कमीपणा मानण्यासारखे काहीच नाही.

मूळ जलरंगचित्र विकत घेऊन लावण्याची सवय त्या मानाने नवी. ते तैलचित्रापेक्षा स्वस्त मिळते, आकाराने लहान असते आणि दहा-बाय-बाराच्या खोलीला मानवते. लहान चित्राला मोठी मोकळी भिंत देण्यापेक्षा जिथे माणूस जवळ जाऊन थांबतो अशी जागा द्यावी : जेवणाच्या टेबलाशेजारी, वाचायच्या खुर्चीजवळ, आतल्या खोलीकडे वळताना. संग्रहालयांत चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवतात. घरात खाली बैठक असेल तर तो निःशंकपणे खाली आणावा, कारण चित्र बसून पाहायचे आहे. दिवाणखान्यात चित्र छताजवळ टांगून पुढे कलते ठेवण्याची जुनी रीत पूर्वजांच्या तसबिरींसाठी होती. जलरंगाच्या नाजूक कडा तिथून दिसतच नाहीत.

ऊन, ओल आणि चौकट

१८८८ मध्ये लंडनमध्ये रसेल आणि ॲबनी या शास्त्रज्ञांनी जलरंगांवर प्रकाशाचा परिणाम तपासून सरकारला अहवाल दिला. कित्येक रंग उन्हात उडतात हे त्यात सिद्ध झालेच, पण हवा आणि ओलावा काढून टाकला की त्यातले बरेचसे टिकतात हेही दिसले. आपल्याकडे ऊन आणि ओल दोन्ही भरपूर, म्हणजे नुकसान दुहेरी. आलिझारिन क्रिमसन हा गुलाबी-तांबडा रंग (ट्यूबवर पीआर ८३ असा क्रमांक असतो) फार लवकर फिकट होतो. संध्याकाळच्या आभाळातली लाली आधी जाते ती बहुधा यामुळेच. उडालेला रंग कोणत्याही उपायाने परत येत नाही.

कागदावरच्या चित्रांसाठी संग्रहालये ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचे माप) आसपास उजेड ठेवतात. खिडकीजवळच्या भिंतीवर १००० लक्स सहज असतो. संग्रहालयातल्या दहा तासांत चित्रावर जितका प्रकाश पडतो तितका इथे अर्ध्या तासात पडतो. अतिनील किरणे अडवणारी काच मदत करते, पण दिसणारा प्रकाशही रंग उडवतोच. खिडकीच्या समोरची भिंत टाळून तिच्या बाजूची, ऊन न पोचणारी भिंत निवडणे हा बिनखर्चाचा आणि जास्त भरवशाचा उपाय.

ओलीसाठी भिंत तपासावी. ज्या भिंतीवर नैर्ऋत्येचा पाऊस झोडपतो तिच्यावर, न्हाणीघराच्या पाठीमागे किंवा पोपडे धरलेल्या जागी चित्र लावू नये. चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे किंवा रबराचे तुकडे चिकटवले की भिंत आणि चित्र यांच्यात बोटभर फट राहते, हवा खेळते.

चौकट करणाऱ्याकडे चित्र देताना सोबत उभे राहावे, हे कळकळीने सांगावेसे वाटते. पुष्कळ ठिकाणी चित्र हार्डबोर्डला पांढऱ्या गोंदाने सपाट चिकटवून टाकतात, वर काच टेकवतात आणि काम झाले म्हणतात. दोन-तीन पावसाळ्यांत हार्डबोर्डमधले आम्ल कागद पिवळा करते, तपकिरी ठिपके उठतात, आणि चिकटलेले चित्र सोडवता येत नाही. आम्लरहित माउंट, म्हणजे चित्राभोवती बसवायची जाड पुठ्ठ्याची खिडकी, मागावा. माउंटच्या जाडीमुळे काच कागदापासून दूर राहते, म्हणजे काचेला आतून सुटलेला दमटपणा रंगाला लागत नाही. चित्र फक्त वरच्या कडेला, पातळ जपानी कागदाच्या दोन पट्ट्यांनी टांगावे आणि त्यासाठी गव्हाच्या चिकाची खळ वापरावी. कुरडयांसाठी काढतात तोच हा चीक. पाण्याने ती पट्टी कधीही सुटते. खळ अगदी थोडी, कारण कसरीलाही ती आवडते.

दिवाळीच्या साफसफाईत जलरंगांचे सर्वांत जास्त नुकसान होते. काचेवर थेट फवारलेले पाणी ओघळून खालच्या कडेशी येते, चौकटीच्या खाचेत शिरते, तिथून माउंट ते वर ओढून घेतो, आणि आठवडाभराने चित्राच्या तळाशी तपकिरी लाट दिसते. फडके आधी ओले करून घट्ट पिळावे आणि चित्र भिंतीवरून उतरवून, आडवे ठेवून काच पुसावी.

ज्यांच्याकडे चार-पाच चित्रे आहेत त्यांनी ती एकदम लावू नयेत. जपानमध्ये गुंडाळीवरची चित्रे ऋतूप्रमाणे बदलतात, तशी दोन लावून बाकीची आम्लरहित कागदात गुंडाळून लोखंडी कपाटात आडवी ठेवावीत आणि काही महिन्यांनी अदलाबदल करावी. उतरवलेल्या चित्रामागे चित्रकाराचे नाव, गाव आणि वर्ष शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहून ठेवावे. बॉलपेनची शाई पुढच्या बाजूला उमटते.